मॅसन, बिमरानची मंजूषा आणि हेरगिरीचा संशय

येथील ‘मॅसन’ म्हणजे बंगाल तोफखान्यातून १८२७ मध्ये पळालेला सैनिक जेम्स लुईस होय. तो चार्ल्स मॅसन या नावाने, स्वतःला अमेरिकन म्हणवत, पंजाब-अफगाणिस्तानात वावरला. जोसाया हार्लनसारखे भाडोत्री सेनानी, म्हणजे जो दरबार पगार देईल त्याची चाकरी करणारे परदेशी, याच मुलखात नशीब आजमावत होते. जलालाबादजवळील बिमरानच्या स्तूपात मॅसनला माणकांसारखे लाल खडे जडवलेली, कमानींखाली बुद्ध कोरलेली, जेमतेम सात सेंटीमीटर उंचीची सोन्याची मंजूषा (अवशेष ठेवण्याची डबी) मिळाली. तिच्याभोवती खरोष्ठी लेख असलेले दगडी पात्र होते. जिथे सोन्याची नुसती वदंताही जिवावर बेतावी, तिथे त्याने नाण्यांच्या व लेखांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या, ही त्याची खरी थोरवी. ईस्ट इंडिया कंपनीने त्याचे खरे नाव हुडकून काढले आणि १८३५ मध्ये माफी देताना त्याला काबूलमधील गुप्त बातमीदार म्हणून राबवले. पुढे १८४० मध्ये कलातच्या बंडखोरांनी त्याला कैद केले, आणि त्यांचा निरोप घेऊन तो क्वेट्ट्याला पोहोचला तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यालाच हेर ठरवून डांबले, हा अन्याय विसरता येण्याजोगा नाही. मंजूषा सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.