किड्याच्या बाजूने

विडंबन म्हणजे टिंगल, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. पण ज्याचे विडंबन करायचे ते आधी मुरलेले असावे लागते. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध करणाऱ्या केशवकुमारांना, म्हणजे आचार्य अत्र्यांना, त्या काळची मराठी कविता आतून ठाऊक होती. उर्दूत कन्हैयालाल कपूर यांनी गालिबला नव्या शायरांच्या मजलिसीत नेऊन बसवले, तेही दोन्ही तऱ्हेची शायरी पचवूनच. हे दोघे मला आठवले ते एका अमेरिकन संगीत नाटकामुळे.

२००९ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅन आर्बर इथल्या मिशिगन विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी हॅरी पॉटरचे संगीत विडंबन केले. मॅट आणि निक लँग हे भाऊ आणि ब्रायन होल्डन यांनी ते लिहिले. गाणी डॅरेन क्रिस आणि ए. जे. होम्स यांची. घरच्यांना आणि मित्रांना पाहता यावे म्हणून चित्रण यूट्यूबवर टाकले. ते लाखो लोकांनी पाहिले. या मंडळींचे नाव पडले ‘टीम स्टारकिड’.

कॉलेज संपल्यावर गॅदरिंगचे ग्रुप कसे विरतात हे आपण जाणतो. एक पुण्याला जातो, एक आखातात, एकाला बँकेत नोकरी लागते आणि उरतात फक्त ईदच्या शुभेच्छा. इथेही तसे होऊ शकले असते. बरेच जण शिकागोला गेले, तर डॅरेन क्रिस २०१० मध्ये ‘ग्ली’ या मालिकेमुळे घरोघरी पोचला. तरी पुढच्या नाटकाची गाणी त्यानेच लिहिली; स्वतः रंगमंचावर नसताना. ते नाटक म्हणजे ‘स्टारशिप’. फेब्रुवारी २०११ मध्ये शिकागोत त्याचे प्रयोग झाले.

नाव ओळखीचे वाटेल. रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी १९५९ ची. तीत माणसांचे सैन्य परग्रहावरच्या किड्यांशी लढते. १९९७ मध्ये पॉल व्हरहोवन यांनी त्यावर सिनेमा काढला. त्यांचे बालपण नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये गेले होते, त्यामुळे सिनेमात त्या युद्धखोरीचीच खिल्ली आहे. तरीही कॅमेरा राहतो सैनिकांबरोबर. किड्यांना तिथे नाव नाही, घर नाही.

या मित्रांनी कॅमेराच फिरवला. त्यांचा नायक ‘बग’ हा किडा आहे, रंगमंचावर एक बाहुला. त्याच्या वसाहतीने त्याला अंडी लावायचे काम नेमून दिले आहे, पण त्याचे स्वप्न आहे माणसांच्या तारायानावर रेंजर होण्याचे. प्रेक्षक हसत हसत त्याच्या बाजूला कधी जाऊन बसतात, त्यांचे त्यांनाच कळत नाही.

मला हे विनोदापलीकडचे वाटते. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले जात होते. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. मारणाऱ्याचा हात धजावा म्हणून आधी शब्द कामाला लागतात. आपल्या आसपास कोणी एखाद्या जमातीला वाळवी म्हणतो, तेव्हा मला रवांडाचा तो रेडिओ आठवतो.

कुरआनात एक अख्खी सूरह मुंगीच्या नावाने आहे, सूरह नम्ल. हजरत सुलेमानांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना घरात शिरायला सांगते, नकळत चिरडल्या जाल म्हणून सावध करते. तिचे बोलणे ऐकून सुलेमान हसतात आणि अल्लाहचे आभार मानतात. ते हसू तुच्छतेचे नाही. एवढ्या मोठ्या लष्कराच्या धन्याला मुंगीचे म्हणणे समजते, हे महत्त्वाचे.

शाळेत स्नेहसंमेलन जवळ आले की मुले सिनेमांची नक्कल बसवायला मागतात. शिक्षकांनी नाही म्हणू नये. फक्त एवढेच विचारावे, ‘ज्याला गोळी लागते त्याची आई या नाटकात कुठे आहे?’ बाकीचे मुले शोधतील.