टेड लिंडसे : बर्फावरचा भांडखोर आणि १९५७ ची संघटना

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं, ध्यानचंद येतात. आज आपण ज्या हॉकीबद्दल बोलणार आहोत ती बर्फावरची. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती, आणि अंगावर धावून जाणं हा खेळाचाच भाग. १९४२ ते १९६७ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, फक्त सहा संघ होते. चार अमेरिकेतले, दोन कॅनडातले. खेळाडू मात्र जवळजवळ सगळे कॅनडाचे. सहा संघ म्हणजे शंभर-सव्वाशे नोकऱ्या. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

टेड लिंडसे १९२५ साली ऑन्टारियो प्रांतातल्या रेनफ्रू गावी जन्मला आणि कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावात वाढला. वडील बर्ट हेही व्यावसायिक गोलरक्षक. १९४४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, टेड डेट्रॉइट रेड विंग्जकडून खेळू लागला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. पण प्रतिस्पर्ध्यांना तो नकोसा व्हायचा. ‘टेरिबल टेड’ हे टोपणनाव काही प्रेमाने पडलेलं नव्हतं! कारकीर्दीत त्याने १८०८ मिनिटं दंड म्हणून बाहेर बसून काढली.

डेट्रॉइटमध्ये लिंडसे डाव्या बाजूला, मध्ये सिड एबल आणि उजवीकडे गॉर्डी हाऊ अशी आघाडीची फळी जमली. मोटारींचं शहर, म्हणून लोकांनी तिला ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हटलं. १९४९-५० च्या हंगामात गुणांच्या यादीत पहिले तीन हेच तिघे, आणि पहिला लिंडसे, ७८ गुणांनी. त्याच वर्षी संघाने स्टॅनले कप जिंकला. पुढे १९५२, ५४ आणि ५५ मध्येही. लिंडसे आणि हाऊ तरुणपणी एकाच घरी भाड्याने राहत. मैदानावर दोघांची भाषा एक होती.

आता डेट्रॉइटबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मोटार कामगारांची संघटना तिथे इतकी बळकट होती, की १९५० मध्ये जनरल मोटर्सने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. त्यात निवृत्तिवेतन होतं, आरोग्यविमा होता. म्हणजे कारखान्यातल्या प्रॉडक्शन लाइनवर उभ्या माणसाला म्हातारपणाची काही हमी होती. बर्फावरच्या प्रॉडक्शन लाइनला काय होतं? १९४७ पासून एक निवृत्तिवेतन योजना होती. प्रत्येक खेळाडूने वर्षाला ९०० डॉलर भरायचे. किमान वेतन नाही. करारातल्या कलमामुळे खेळाडू एका संघाला बांधलेला, सोडायचा की विकायचा ते मालक ठरवणार. बहुतेक मुलं खाणींच्या किंवा शेतीच्या गावांतून आलेली, शाळा अर्धवट सुटलेली. पगाराची बोलणी करायला आत एकटं जायचं. समोर मॅनेजर, आणि बाहेर तुमच्या जागेची वाट पाहणारे शेकडो.

लिंडसे या योजनेच्या मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी होता. मॉन्ट्रियलचा डग हार्वीही होता. दोघांनी साधी मागणी केली : हिशेब दाखवा. हिशेब काही मिळेना. गंमत बघा, विरुद्ध संघातल्या माणसाशी शब्दही बोलायचा नाही हा लिंडसेचा बाणा. आता तोच माणूस एकेका संघातल्या खेळाडूला गुपचूप भेटू लागला. न्यूयॉर्कच्या वकिलांचा सल्ला घेतला. फेब्रुवारी १९५७ मध्ये संघटना जाहीर झाली. अध्यक्ष लिंडसे. लीगमधल्या जवळपास सगळ्या खेळाडूंनी शंभर-शंभर डॉलर वर्गणी भरली होती.

याच हंगामात लिंडसेने ८५ गुण मिळवले. त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी! आणि जुलैमध्ये डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर जॅक ॲडम्स यांनी त्याला शिकागोला पाठवलं, तळाच्या संघात. सोबत तरुण गोलरक्षक ग्लेन हॉल. टोरंटोचा जिमी थॉमसन, तोही संघटनेच्या संस्थापकांपैकी, त्याचीही रवानगी शिकागोलाच. खेळाच्या हिशेबात या बदल्या बसत नाहीत. आम्हाला तरी त्यांचा अर्थ एकच दिसतो. शिवाय डेट्रॉइट आणि शिकागो या दोन्ही संघांच्या मालकीत नॉरिस कुटुंबाचा हात होता. म्हणजे माणूस घरातल्या घरातच हलवला.

ऑक्टोबरमध्ये संघटनेने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ३० लाख डॉलरचा दावा लावला. मालकांना घाम फुटेल असं वाटत असतानाच नोव्हेंबरमध्ये घाव बसला, आणि तोही घरातून. डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले. हाऊ त्या वेळचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने तोंड उघडलं असतं तर? तो गप्प राहिला. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, पण आम्ही तसं म्हणणार नाही. शंभर नोकऱ्यांच्या धंद्यात, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नुकताच नाहीसा झालेला असताना, गप्प बसणाऱ्याची भीती खोटी नव्हती.

फेब्रुवारी १९५८ मध्ये तडजोड झाली. किमान वेतन ७००० डॉलर, निवृत्तिवेतनात मालकांचा जास्त वाटा. संघटनेला मान्यता मात्र नाही. ती विरून गेली.

लिंडसे १९६० मध्ये निवृत्त झाला. १९६४ मध्ये जुना सोबती एबल डेट्रॉइटचा प्रशिक्षक असताना तो एका हंगामासाठी परतला, एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि संघ साखळीत पहिला आला. १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, तर समारंभाला गेलाच नाही, कारण तिथे बायकामुलांना प्रवेश नव्हता. पुढच्या वर्षी तो नियम बदलला गेला.

टिकाऊ संघटना १९६७ मध्ये उभी राहिली. तिचा कर्ताधर्ता ॲलन ईगलसन पुढे १९९८ मध्ये फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला, तो विषय वेगळा. निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. १९९१ मध्ये सात जुन्या खेळाडूंनी कॅनडात दावा लावला, की योजनेतली शिल्लक रक्कम आमची आहे. १९९२ मध्ये ऑन्टारियोच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचं अपील ऐकायला नकार दिला. त्या सात फिर्यादींमध्ये एक नाव होतं गॉर्डी हाऊ.