सॉन्गसू-दोंग

सॉन्गसू-दोंग : दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील जुनी कारखानदारी वस्ती आणि गेल्या दशकभरात नावारूपाला आलेली फॅशनची बाजारपेठ. हान नदीच्या उत्तर तीरावर, सॉन्गदोंग-गू या प्रभागात ती वसली आहे. पश्चिमेस हानला मिळणारा जुंगनांग हा प्रवाह, दक्षिणेस खुद्द हान आणि पूर्वेस ग्वांगजिन-गू प्रभागातील कोंकुक विद्यापीठाचा परिसर अशा तिच्या सीमा आहेत. कारभाराच्या सोयीसाठी वस्तीचे चार विभाग पाडले आहेत. पहिल्या भागात क्रमांक एक आणि दोन, दुसऱ्या भागात क्रमांक एक आणि तीन. दुसऱ्या भागातला क्रमांक दोन आज अस्तित्वातच नाही, तेव्हा नवख्याने तो शोधत फिरू नये.

नदीकाठची ही जमीन सखल, सपाट आणि एके काळी मोकळी होती. चोसॉन राजवटीत येथे राजाची शिकार, घोड्यांची कुरणे आणि सैन्याची कवायत चाले. आजच्या मुख्य बाजाररस्त्याला, यॉनमुजांग-गिलला, त्या कवायतीच्या मैदानावरून नाव मिळाले. १९०८ मध्ये कोरियातील पहिले आधुनिक जलशुद्धीकरण केंद्र येथे सुरू झाले. त्याची विटांची जुनी इमारत आता पाणीपुरवठ्याचे संग्रहालय आहे. १९५४ मध्ये शहराचे घोडशर्यतीचे मैदान येथे आले आणि १९८९ मध्ये ते ग्वाछॉनला हलले. त्या मोकळ्या झालेल्या जागेच्या परिसरात २००५ च्या जून महिन्यात ‘सोल फॉरेस्ट’ हे सार्वजनिक उद्यान खुले झाले. आजच्या बाजारपेठेची पायाभरणी एका अर्थी तेथूनच झाली, कारण शर्यती हलल्यापासून सॉन्गसूला सहलीला जाण्याचे फारसे कारण सोलच्या माणसाला नव्हते.

कारखान्यांचा काळ. १९६० च्या दशकापासून येथे कापड, छपाई, धातुकाम, चामडे आणि मोटारदुरुस्ती असे धंदे दाटीवाटीने वाढले. नियोजनाच्या भाषेत हा भाग निम-औद्योगिक, म्हणजे कारखाना आणि राहते घर शेजारी शेजारी असण्यास परवानगी असलेला. सोलच्या मेट्रोचा दुसरा मार्ग १९८० मध्ये येथे आला, तोही जमिनीखालून नव्हे, खांबांवरून. सॉन्गसू स्थानकाच्या फलाटावरून आजही आसपासची पत्र्याची छपरे आणि गॅरेजांची अंगणे दिसतात. त्या अंगणांत काय चालते हे पाहायचे असेल तर स्थानकाच्या उत्तरेकडे उतरावे. पर्यटक बहुतेक दक्षिणेकडे वळतात, त्यामुळे उत्तरेची बाजू अजून बरीचशी मोटार-मेकॅनिकांची आहे.

वस्तीचा खरा धंदा मात्र बुटांचा. मोठ्या बूट कंपन्यांपाठोपाठ १९८० आणि ९० च्या दशकांत शहराच्या मध्यभागातले, विशेषतः म्यॉन्गदोंग आणि सोल स्थानकाजवळच्या यॉमछॉन पुलाकडचे कारागीर स्वस्त भाड्यापायी इकडे आले. त्यांच्या मागोमाग चामड्याचे व्यापारी, टाचा आणि तळ विकणारे, बक्कल आणि फर्मे पुरवणारे असे सगळेच आले. बूट शिवायला लागणारी प्रत्येक वस्तू चालत जाऊन आणता येईल एवढ्या अंतरात मिळू लागली. कामाची वाटणी ठरलेली असते. एक कारागीर चामडे कापून वरचा भाग शिवतो. दुसरा तो फर्म्यावर ओढून, खिळे मारून, तळ चिकटवतो. दोघे क्वचितच एका खोलीत बसतात. हे कारखाने रस्त्यावर नाहीत, ते तळघरात किंवा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. अरुंद जिन्याच्या तोंडाशी डिंकाचा उग्र वास आला की वर काम चालू आहे असे समजावे.

मजुरी जोडामागे. येथल्या बहुसंख्य कारागिरांना कागदोपत्री नोकर न मानता ‘छोटे मालक’ मानले जाते. अशा मालकाला ना रजा, ना निवृत्तिवेतन, ना विमा. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर आणि पुढे चीनमधून स्वस्त माल येऊ लागल्यावर जोडामागचा दर वर्षानुवर्षे हलला नाही. २०१८ मध्ये एका मोठ्या बूट कंपनीच्या कारागिरांनी तिच्या सोलमधील मुख्यालयातच ठाण मांडून दर वाढवून घेतला, तेव्हा सॉन्गसूच्या कारागिरांचा प्रश्नही चर्चेत आला. नगरपालिकेने याआधीच स्थानकाखाली बुटांचे प्रदर्शन व विक्रीगाळे उभारून वस्तीची ‘हातबुटांची पेठ’ अशी जाहिरात सुरू केली होती. जाहिरात चांगली झाली. मात्र कारागीर साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकाऊ मुले दिसत नाहीत.

बाजारपेठेचा उदय. कारखाने बंद पडत गेले तशी मोठी, उंच छताची, स्वस्त जागा रिकामी झाली. ‘देरिम छांगो’ ही १९७० च्या दशकातली भात सडण्याची गिरणी, नंतर गोदाम. २०११ च्या सुमारास तिथे फॅशन शो आणि मोटारींचे अनावरण समारंभ होऊ लागले आणि पुढे त्याच वास्तूत कॅफे व कलादालन निघाले. गोदामाची जुनी पाटी तशीच ठेवली. ‘जागुमाछी’ हा कॅफे २०१४ मध्ये जुन्या छापखान्यात सुरू झाला. २०१६ मध्ये आलेल्या ‘अनियन’ने हा प्रकार टोकाला नेला. घर, खानावळ, दुरुस्तीचे दुकान, धातूचा कारखाना अशी अनेक रूपे झालेल्या इमारतीच्या भिंती त्यांनी सोललेल्याच ठेवल्या, निरनिराळ्या काळातल्या फरशांचे तुकडे उखडले नाहीत, आणि त्या पडझडीत पिठीसाखरेचा डोंगर घातलेला पांदोरो ब्रेड विकायला ठेवला. सोलमध्ये त्यानंतर जिकडेतिकडे भिंती खरवडण्याची साथ आली. तिच्यातले बरेचसे खरवडणे नव्या भिंतींचे असते, हे सांगायला हवे.

‘ब्लू बॉटल’ या अमेरिकी कॉफी कंपनीने कोरियातले पहिले दुकान २०१९ च्या मे महिन्यात तुकसॉम स्थानकाजवळच्या लाल विटांच्या इमारतीत उघडले आणि पहाटेपासून रांगा लागल्या. त्याच वर्षी आमोरेपॅसिफिक या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने जुन्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात ‘आमोरे सॉन्गसू’ थाटले. येथे आत गेल्यावर आधी तोंड धुण्याची सोय, मग कंपनीच्या साऱ्या ब्रँडांच्या कुप्या आणि डब्या हव्या तितक्या लावून पाहण्याची मुभा, आणि बाहेर पडताना आवडलेले नमुने फुकट. हे ठिकाण विक्रीसाठी मुळी उघडलेच नव्हते. सॉन्गसूतले दुकान म्हणजे काय, हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही : येथे गल्ल्यापेक्षा गिऱ्हाइकाने काढलेल्या छायाचित्राला भाव जास्त.

पुढचे पाऊल म्हणजे ‘पॉपअप’, अर्थात चार दिवस ते दोन-चार आठवड्यांपुरते दुकान. यॉनमुजांग-गिलवर दर आठवड्याला दर्शनी भाग बदलतात. सोमवारी सुतार आणि रंगारी, गुरुवारी रांग, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सुतार. दाराशी टॅबलेट ठेवलेला असतो, त्यावर मोबाइल क्रमांक दिला की पाळी येताच निरोप येतो. शिरपेच म्हणून फॅशनचे मोठे ब्रँडही आले. दिओरने २०२२ मध्ये आपल्या पॅरिसमधील प्रसिद्ध पेढीचा दर्शनी भाग धातूच्या जाळीत उभा केला. तो रात्री दिव्यांत उजळतो तेव्हा समोरच्या पदपथावर फोटो काढणाऱ्यांमुळे चालायला वाट राहत नाही. ऑलिव्ह यंग या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीने २०२४ मध्ये येथे पाच मजली दुकान काढले. त्याच वर्षी सॉन्गसू स्थानकाच्या नावाला आपले नाव जोडण्याचा हक्क तिने सुमारे १०० कोटी वॉनला घेतला, लोकांनी नाके मुरडली, आणि थोड्याच दिवसांत तिने तो सोडूनही दिला.

मुसिन्सा या कंपनीची कथा वेगळी नोंदवण्याजोगी. कोरियातील हे सर्वांत मोठे ऑनलाइन फॅशन दुकान २००१ मध्ये बुटांचे फोटो एकमेकांना दाखवणाऱ्या हौशी तरुणांचा गट म्हणून इंटरनेटवर सुरू झाले. २०२२ मध्ये तिने आपले मुख्यालय बुटांच्याच पेठेत आणले आणि आसपास अनेक दुकाने व दालने उघडली. तिथे विकले जाणारे स्निकर मात्र वरच्या मजल्यांवरच्या कारागिरांनी शिवलेले नसतात.

भाडी आणि नियम. दुकाने वाढली की भाडी वाढतात आणि ज्यांच्यामुळे गिऱ्हाईक आले तेच उठतात, हे सोलला ठाऊक होते. नदीपलीकडच्या गारोसू-गिलचे उदाहरण ताजे होते. लहान बुटिकांमुळे नावाजलेला तो रस्ता भाड्यांनी गिळला आणि आज तिथे रिकामे गाळे जागोजागी दिसतात. सॉन्गदोंग-गूचे त्या वेळचे प्रभागप्रमुख जॉन्ग वॉन-ओ यांनी २०१५ मध्ये अशा विस्थापनाला आळा घालणारा स्थानिक नियम आणला, देशातला असा पहिलाच. घरमालकांकडून भाडे बेताने वाढवण्याचे स्वेच्छा करार, ठरावीक गल्ल्यांत साखळी दुकानांवर बंधन, लाल विटांची घरे जपणाऱ्याला किंवा नव्याने बांधणाऱ्याला अनुदान असे उपाय झाले. विटांचा उपाय डोळ्यांना दिसतो. गल्ल्यांचा रंग टिकला. भाड्याचा उपाय मात्र तितकासा लागू पडला नाही.

कारण कायद्यातच आहे. देशाच्या व्यापारी भाडेकरार कायद्याने २०१८ पासून भाडेकरूला १० वर्षांपर्यंत करार वाढवून मागण्याचा हक्क दिला आणि संरक्षित करारांत भाडेवाढीला ५ टक्क्यांची मर्यादा घातली. तात्पुरत्या वापरासाठी घेतलेल्या जागेला मात्र हा कायदा लागू नाही. मग घरमालकाने दहा वर्षांचा भाडेकरू का ठेवावा? दिवसाच्या हिशेबाने पॉपअपला जागा दिली की पागडीचा तंटा नाही, वाढीला मर्यादा नाही. कायमच्या दुकानाइतकाच, किंबहुना अधिक, कारखान्यांना याचा फटका बसतो. पॉपअप मोडल्यावर उरणारा प्लायवुड, फोम आणि फ्लेक्सचा ढीग ही नगरपालिकेची आणखी एक डोकेदुखी.

नदीकाठ व उद्यानाच्या बाजूचे चित्र आणखी निराळे. तेथे उंच महागड्या निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या एका संकुलाच्या कार्यालयीन मनोऱ्यात एसएम एन्टरटेनमेंट या के-पॉप कंपनीचे मुख्यालय आहे, त्यामुळे इमारतीखाली चाहत्यांची ये-जा असते. १९७७ पासून उद्यानाला लागून असलेला काँक्रीटचा कारखाना २०२२ मध्ये पाडण्यात आला. २०२४ मध्ये ‘टाइम आउट’ मासिकाने जगातील आकर्षक वस्त्यांच्या यादीत सॉन्गसू-दोंगला चौथे स्थान दिले. संध्याकाळी सॉन्गसू स्थानकाच्या तीन क्रमांकाच्या दाराशी रस्त्यापर्यंत लागणारी रांग ही त्याच वर्षीची बातमी.

दळणवळण व भटकंती. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरील सॉन्गसू आणि तुकसॉम, तसेच सुइन–बुंदांग मार्गावरील सोल फॉरेस्ट ही जवळची स्थानके. नदीपलीकडच्या आपगुजॉन्गला जोडणारा सॉन्गसू पूल १९७९ मध्ये बांधला गेला. २१ ऑक्टोबर १९९४ च्या सकाळी त्याचा मधला भाग कोसळून ३२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत शाळेत निघालेल्या मुली होत्या. निकृष्ट जोडकाम आणि देखभालीतला हलगर्जीपणा ही कारणे पुढे आली. नवा पूल १९९७ मध्ये खुला झाला. उत्तर टोकाजवळ स्मारक आहे.

खरेदीला कामाच्या दिवशी, दुपारी बारानंतर जावे. बरीच दुकाने त्याआधी उघडत नाहीत आणि शनिवार-रविवारी यॉनमुजांग-गिल नुसती गर्दी पाहण्यापुरती उरते. लहान, स्वतःचा माल स्वतः विकणारी दुकाने हवी असतील तर सोल फॉरेस्टसमोरच्या विटांच्या दुमजली घरांच्या गल्ल्या बऱ्या. मापाचे बूट शिवून घ्यायचे असल्यास सॉन्गसू स्थानकाजवळच्या बूट-दुकानांत पायाचे माप देता येते; जोड तयार व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा माप मुक्कामाच्या सुरुवातीलाच द्यावे. जेवायला डुकराच्या कण्याच्या हाडांचा व बटाट्यांचा तिखट रस्सा, गाम्जाथांग, मिळतो. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्यावर खायचा हा पदार्थ आता पॉपअपच्या रांगेतून आलेलेही खातात. शाकाहारी माणसाची मात्र येथे कॅफेंवरच भिस्त.