नीरा डाव्या कालव्यावरील ऊस : एका खोडाचा इतिहास

वनस्पतीच्या खोडाची कार्ये सामान्यतः चार मानली जातात : पानांचा भार पेलणे, पाणी व अन्नरस वाहून नेणे, अन्नाचा साठा करणे आणि काही वनस्पतींत नवी रोपे निर्माण करणे. उसाच्या खोडात ही चारही कार्ये एकत्र आलेली आहेत. परंतु ती परस्परांना नेहमीच अनुकूल असतात असे नाही. बारामती व इंदापूर या तालुक्यांतील ऊसशेतीचा इतिहास या दृष्टीने तपासला असता, प्रत्येक कालखंडाने खोडाच्या एखाद्या कार्यास अग्रस्थान दिले आणि त्याची किंमत दुसऱ्या कार्यात मोजली, असे दिसून येते.

ऊस ही एकदलिकित वनस्पती होय. तिच्या खोडात द्विदलिकित वृक्षांप्रमाणे ऊतककराचे वलय नसते. म्हणून एकदा तयार झालेले कांडे पुढे वर्षानुवर्षे जाड होत नाही. आडव्या छेदात वाहक वृंद सर्वत्र विखुरलेले दिसतात. सालीलगत ते लहान पण दाट, तर गाभ्याकडे मोठे पण विरळ असतात. प्रत्येक वृंदाभोवती दृढोतकाचे आवरण असते. हे आवरण आणि कठीण साल यांनी खोडाला बळकटी येते. वृंदांमधील जागा मृदूतकाने भरलेली असते आणि त्याच्या पेशींच्या रिक्तिकांत साखर साठते. तात्पर्य, तंतू म्हणजे आधार आणि मृदूतक म्हणजे कोठार. एकाच घेरात एकाची जागा वाढली की दुसऱ्याची कमी होते.

या कोठाराला नीरेच्या खोऱ्यात महत्त्व आले ते कालव्यामुळे. 1876-77 च्या दुष्काळात कामाला आरंभ झालेला नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला. अवर्षणाच्या वर्षी ज्वारी-बाजरी वाचविणे हा त्याचा मूळ हेतू. परंतु बरा पाऊस झालेल्या वर्षी जिरायत शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसे. पाण्याला बारमाही मागणी निर्माण केली ती उसाने. सासवडकडील माळी बागाईतदार या कामी अग्रेसर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणून पाण्याच्या वाटपाला शिस्त लावली.

त्या काळचा प्रमुख ऊस पुंड्या. त्याचे कांडे जाड, साल मऊ आणि रस विपुल. बैलांच्या चरकात दाब बेताचाच असतो. त्यामुळे सहज पिळला जाणारा ऊस गुऱ्हाळाला सोयीचा होता. म्हणजेच पुंड्यात कोठार मोठे आणि भिंती पातळ होत्या. या रचनेची दुसरी बाजूही होती. मऊ सालीचा ऊस कोल्ह्या-रानडुकरांच्या दातांना सहज बळी पडतो आणि भरपूर खत-पाण्यावरच पोसतो. पाण्याचा हा अतिरेक जमिनीलाही सोसला नाही. डॉ. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये तो प्रसिद्ध केला. मुळांना हवा मिळाली नाही की खोडातील कोठारही रिकामे राहते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

1932 हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे. त्या वर्षी साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला आणि नीरेच्या पलीकडे पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर उभे राहिले, आणि 1950 च्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखान्यांची स्थापना झाली. कारखान्याच्या लोखंडी लाटांपुढे मऊपणाचे अगत्य राहिले नाही. उलट, चिपाड हेच बाष्पकाचे इंधन असल्यामुळे तंतूला किंमत आली. जावा बेटावरील पीओजे 2878 आणि कोइमतूरचा को 290 यांच्या संकरातून झालेल्या को 419 या वाणाने पुंड्याला मागे सारले. पुढे को 740, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस को 86032 हे वाण आले. या शेवटच्या वाणाला महाराष्ट्रात ‘नीरा’ हेच नाव मिळाले.

तरीही खोडातील मूळ विरोध मिटला नाही. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो. खोड उंच व जड होऊन लोळले की जमिनीला टेकलेल्या पेरांवर मुळ्या फुटतात, डोळे उमलतात आणि साठविलेली साखर त्या वाढीत खर्च होते. साखर बुडख्याकडून शेंड्याकडे क्रमाने साठत जाते. म्हणून वाढ्यालगतची कोवळी कांडी गोडीस उणी असतात. तोडीनंतर साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होऊ लागते. ऊस जमिनीलगत तोडणे आणि तो विनाविलंब गाळणे यांविषयीचा कारखान्यांचा आग्रह खोडाच्या या स्वभावातूनच आलेला आहे. त्या आग्रहाचा भार मात्र थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांवर पडतो.

चौथे कार्य प्रजननाचे. शेतकरी ज्याला ‘बेणे’ म्हणतो ते बीज नसून खोडाचा तुकडाच असतो. पेरावरील डोळ्यातून कोंब आणि त्याच पेरावरील मूलांकुरांतून मुळे निघतात. मातृवाणाचे गुण त्यामुळे जसेच्या तसे उतरतात. एका उत्तम खोडापासून सगळा कालवा एकाच वाणाखाली येऊ शकतो तो यामुळेच. पण काणी व गवताळ वाढ हे रोगही याच मार्गाने एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. तीन डोळ्यांच्या टिपरीकडून एक डोळ्याच्या रोपांकडे अलीकडे झालेला बदल बेणे वाचवितो आणि निवडीस वाव देतो. मात्र बेणेमळा निरोगी असेल तरच त्याचा लाभ होतो.

नीरेकाठच्या उसाचा इतिहास बहुधा धरणे, कारखाने व भाव यांच्या आधारे सांगितला जातो. त्याला खोडाच्या छेदाची जोड दिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. चरक, लाटा आणि कालवा यांनी उसापुढे वेळोवेळी निरनिराळ्या मागण्या ठेवल्या. त्या त्याने पुरविल्या, परंतु एकाच खोडाच्या घेरात. या खोऱ्यात यापुढे कमी पाण्यावर येणारा ऊस हवा असेल, तर तो कोणत्या कार्याच्या मोबदल्यात, हा प्रश्न वाण निवडण्यापूर्वीच विचारावा लागेल.