शेवंडीची पिल्लं आणि पाण्याची ऊब

आपल्या कोकणातल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात. आज बोलायचंय ते अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नांगीवाल्या लॉबस्टरबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं लॉबस्टर घटू लागला. मग सरकारनं वुड्स होल इथं अंडी उबवून लाखो पिल्लं समुद्रात सोडली. हिशेब मांडला जाई तो सोडलेल्या पिल्लांचा, जगलेल्यांचा नव्हे.

आता बघा, मादी अंडी पोटाखाली नऊ ते बारा महिने वागवते. थंडीत त्यांची वाढ जवळपास थांबते, पाणी तापलं की वेग घेते. बाहेर पडलेलं पिल्लू तीनदा कात टाकून चौथ्या अवस्थेत पोचतं आणि मगच तळाशी वस्ती करतं. पाणी २० अंश सेल्सिअस असेल तर याला साधारण दोन आठवडे लागतात; १० अंशांना दोन महिन्यांच्या आसपास. तेवढे दिवस ते माशांच्या तोंडाशी तरंगत असतं!

१९०० च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधल्या विकफर्डला ए. डी. मीड यांनी वेगळी वाट धरली. उन्हाळ्याच्या उबदार पाण्यात तरंगत्या पेट्या ठेवून, पाणी सतत ढवळत, त्यांनी पिल्लं चौथ्या अवस्थेपर्यंत वाढवली आणि मग सोडली. किती सोडली यापेक्षा कोणत्या वयाची सोडली, हा प्रश्न तिथं मोठा ठरला. आणि ते वय गाठायला किती दिवस लागणार, हे ठरवतं पाणी.