बालछत्री, बहिरी ससाणा आणि पायातले कडे

१९६४ साली डॅनियल बर्गर आणि चार्ल्स सिंडेलार हे दोघे अमेरिकेच्या पूर्व भागातील डोंगरकपारी पालथ्या घालीत होते. त्यांच्याजवळ बहिरी ससाण्याच्या जुन्या, माहितीतल्या घरट्यांची यादी होती. त्यांनी अशा १३३ जागा तपासल्या. त्यांतल्या एकाही जागी ससाण्याची जोडी नांदत नव्हती.

या दोघांना पाठवणारे प्राध्यापक जोसेफ हिकी यांनी १९४२ मध्ये याच पक्ष्याच्या घरट्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. जेमतेम वीसेक वर्षांत एका जातीचा पक्षी निम्म्या देशातून नाहीसा झाला, आणि तो नाहीसा होत असताना फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मग ज्यांच्या ध्यानात आले ते कोण होते? त्यांतले बरेचसे बिनपगारी हौशी होते. हा धागा त्यांच्याविषयी आणि त्यांनी पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या कड्यांविषयी आहे.

कड्याची कल्पना साधी आहे. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांकित कडी घातली, आणि शास्त्रीय वलयांकनाचा आरंभ तेथून मानला जातो. क्रमांकामुळे थव्यातला एकेक पक्षी वेगळा ओळखता येऊ लागला. त्याला आता जन्मस्थान होते, वय होते आणि मृत्यूची तारीखही असू शकत होती.

शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत मात्र अडचण होती. चिमण्या-साळुंक्या पकडणे निराळे आणि ससाणा पकडणे निराळे. शिवाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ससाणे, बाज, घुबडे यांच्याकडे कोंबड्यांचे आणि शिकारीच्या पक्ष्यांचे शत्रू म्हणूनच पाहिले जाई. पेनसिल्व्हेनिया राज्य १९२९ पासून बाज मारणाऱ्यास ५ डॉलरचे बक्षीस देत होते. तेथील हॉक माउंटनवर रविवारी बंदुका घेऊन माणसे जमत. १९३२ मध्ये रिचर्ड पफ या तरुणाने तेथे मारलेल्या ससाण्यांच्या रांगा मांडून त्यांची छायाचित्रे घेतली. ती पाहून रोझली एज या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि शिकार बंद पाडली.

याच पफ यांच्या सांगण्यावरून चार्ल्स ब्रोली यांनी आपले काम हाती घेतले. ब्रोली हे कॅनडातील विनिपेगचे निवृत्त बँक व्यवस्थापक. साठीच्या उंबरठ्यावर असताना, १९३९ मध्ये, ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर दोरशिडीने चढू लागले. शेंड्यावरच्या प्रचंड घरट्यांत पांढऱ्या डोक्याच्या बाल्ड ईगल गरुडाची पिल्ले असत. त्यांच्या पायांत कडी घालून ते खाली उतरत. त्यापूर्वीच्या साऱ्या इतिहासात अशा अवघ्या १६६ गरुडांना कडी घातली गेली होती. ब्रोली यांनी दहा वर्षांत १,००० हून अधिक पिल्लांना घातली.

फ्लोरिडाचे गरुड आपला मुलूख सोडून जात नाहीत, असा तोवर समज होता. ब्रोलींची कडी पार कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत सापडली. पण पुढे जे उघड झाले ते याहून गंभीर होते. आरंभी त्यांच्या टापूत वर्षाला १२५ घरटी नांदती असत आणि सुमारे १५० पिल्लांना कडी पडत. १९४७ पासून पिल्ले घटू लागली. कुठे घरट्यात अंडीच नव्हती, कुठे अंडी होती पण ती उबलीच नाहीत. १९५७ मध्ये ४३ घरट्यांत मिळून ८ पिल्ले निघाली. १९५८ मध्ये १०० मैलांहून अधिक किनारा धुंडाळल्यावर ब्रोलींच्या हाती एकच पिल्लू लागले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांनी डीडीटी व तत्सम कीटकनाशकांविरुद्ध लिहिलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात ब्रोलींचे हे आकडे पुराव्यादाखल आले. एका पेन्शनराची हजेरीवहीच ती! पण अशी वही इतर कोणी ठेवलेली नव्हती.

आता पुन्हा बर्गर यांच्याकडे. विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर सीडर ग्रोव्ह नावाचे ठिकाण आहे. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले ससाणे विस्तीर्ण पाणी ओलांडण्यास नाखूश असतात. पाण्यावर त्यांना उचलून धरणारे उष्ण हवेचे झोत मिळत नाहीत. पश्चिमेचा वारा त्यांना काठापर्यंत ढकलतो आणि मग ते काठाकाठाने खाली सरकतात. १९५० पासून बर्गर, हेल्मुट म्यूलर आणि त्यांचे मित्र या काठावर जाळी लावून बसू लागले. तेव्हा हे सारे ऐन तारुण्यात होते.

त्यांची साधने पाहिली तर भारतीय वाचकाला गंमत वाटेल. मिस्ट नेट नावाचे तलम जाळे जपानी पारध्यांकडून आले. आमिषापुढे उभे करायचे, ससाणा आदळताच सुटून त्याच्याभोवती मिटणारे जाळे 'दो-गझा' या नावाने ओळखले जाते. हा शब्द कोठला, हे सांगायला नको. आणि तिसरे साधन म्हणजे 'बालछत्री'. वेताच्या कामट्यांची छत्रीसारखी टोपली, आत जिवंत आमिष, वरून घोड्याच्या केसांचे फासे, अशी ही भारतीय पारध्यांची युक्ती. आत बसलेल्या पक्ष्याला इजा होत नाही. झेप घेणाऱ्याचे पंजे तेवढे अडकतात. बर्गर व म्यूलर यांनी वेताऐवजी तारेची जाळी आणि केसांऐवजी नायलॉन वापरले, आत उंदीर ठेवला आणि १९५९ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. इंग्रजी लेखनात तिच्या नावाचा अर्थ 'मुलाची छत्री' असा दिला जातो. फासे केसांचे होते आणि हिंदीत केसाला बाल म्हणतात, हे लक्षात घेता 'केसांची छत्री' हाच अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

पक्षी हाती आला की पंजे आधी धरायचे, चोच नंतर. ससाण्याला साधे कडे चालत नाही, तो ते चोचीने उघडतो. म्हणून दुमडून कुलूपबंद होणारे कडे वापरतात. या कुळात मादी नरापेक्षा मोठी, इतकी की काही जातींत दोघांच्या कड्यांची मापे वेगळी असतात. वजनासाठी छोट्या ससाण्याला वेफर्सच्या पोकळ नळकांड्यात उलटे सरकवतात. दिसायला हास्यास्पद, पण अंधारात पक्षी शांत राहतो.

या बैठकांतून काय कळले? एक उदाहरण पुरे. काही हिवाळ्यांत बाज उत्तरेकडून झुंडीने खाली उतरत, आणि त्यांत प्रौढ पक्ष्यांचे प्रमाण मोठे असे. १९६२-६३ आणि १९७२-७३ अशा लाटांच्या नोंदी ताडून म्यूलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, उत्तरेतील ससे व तितरासारखे ग्राउज पक्षी साधारण दहा वर्षांच्या फेऱ्याने घटतात आणि तेव्हाच बाज पोटासाठी दक्षिणेची वाट धरतात.

मात्र या विद्येत एक कटू विसंगती होती. बहुसंख्य कडी पुन्हा कोणाच्याही हाती लागत नाहीत. जुन्या काळी जी परत आली, त्यांतली पुष्कळ गोळी घातलेल्या पक्ष्यांच्या पायांतून आली. ज्या बंदुकीपासून पक्षी वाचवायचा, तीच माहिती पुरवीत होती. १९७२ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचे संरक्षण ससाणे व घुबडांनाही लाभले. त्याच वर्षी अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली.

राहिली घुबडे. सॉ-व्हेट नावाचे घुबड आपल्या पिंगळ्याहूनही हलके असते. ते दुर्मीळ समजले जाई, कारण दिवसा ते गर्द झुडपात निश्चल बसते. सीडर ग्रोव्हच्या रात्रीच्या जाळ्यांत ते सापडू लागले आणि समज डळमळला. पुढे नराच्या हाकेचे ध्वनिमुद्रण जाळ्याशेजारी वाजवण्याची युक्ती निघाली. १९९४ मध्ये डेव्हिड ब्रिंकर यांनी 'प्रोजेक्ट आउलनेट' नावाने या केंद्रांना जोडण्यास आरंभ केला, आणि आता अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. त्यांच्यामुळे एका केंद्रात कडे घातलेले घुबड दुसऱ्या केंद्रात जिवंत सापडू लागले. बंदुकीची गरज उरली नाही.

तेथले काम बव्हंशी स्वयंसेवकच करतात. ऑक्टोबरच्या थंडीत ते ठरावीक वेळाने कंदील घेऊन जाळी पाहून येतात. पंखाची खालची बाजू अतिनील दिव्याखाली धरली की नवी पिसे गुलाबी चमकतात आणि जुनी फिकी दिसतात. त्यावरून वय ठरते. नोंद झाली की दिवे मालवतात. घुबडाच्या डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत त्याला काही मिनिटे हातावर तसेच बसू देतात. मग ते आवाज न करता उडून जाते.