टँकर कुठे होता?

गेल्या शुक्रवारी इथे धुळीचं वादळ झालं. कुवेतमध्ये अशा दिवशी बाहेर पडण्यात अर्थ नसतो. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावायचे, चहा करायचा आणि घरात बसायचं. बरेच दिवस मनात होतं म्हणून आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट लावला. तीन तासांहून मोठा आहे. बायकोने सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं पाहिली आणि सहज विचारलं, "अहो, तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात ना?"

होतो. म्हणजे तिथून थोडा मागे होतो.

११ जुलै १९९७. मी तेव्हा मुलुंडला राहायचो आणि चेंबूरच्या पुढे नोकरीला जायचो. कंपनीची बस पूर्व द्रुतगती महामार्गाने जायची. त्या सकाळी बस घाटकोपरच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. तासाभराने कुणीतरी सांगितलं, पुढे दंगल झाली आहे, पोलिसांनी गोळीबार केला आहे. बस उलट फिरली. घरी आलो, वरणभात खाल्ला आणि झोपलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मनात पहिला विचार आला तो रजा वाया गेल्याचा.

झालं होतं ते असं. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे लोकांना दिसलं, की डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आहे. लोक जमले, चिडले, महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसं मेली. मेलेल्यांत रास्ता रोकोशी काही संबंध नसलेले लोकही होते.

मग पोलिसांची बाजू आली. जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, टँकर फुटले असते तर शेकडो माणसं मेली असती, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. ही बाजू मला लगेच पटली, कारण माझं कामच त्या क्षेत्रातलं. एलपीजीच्या टँकरखाली आग लागली तर काय होतं हे मला ठाऊक होतं. आतला द्रव उकळतो, दाब वाढतो, वरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फुटते. मग आगीचा गोळा. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी हे सगळं कागदावर आकृती काढून सहकाऱ्यांना समजावलं. सगळे गंभीरपणे ऐकत होते. आमच्यातला एक जण मात्र गप्प होता. तो त्याच भागात राहायचा. त्याने एकच प्रश्न विचारला, "साहेब, पण टँकर कुठे होता?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नसावं.

हा प्रश्न पटवर्धनांनी सोडला नाही. चौदा वर्षं ते या चित्रपटावर काम करत होते. वस्तीत पुन्हा पुन्हा गेले, मेलेल्यांच्या घरच्यांशी बोलले, गोळ्या लागून वाचलेल्यांशी बोलले. टँकरच्या गोष्टीकडे ते एखाद्या तपासनिसासारखे पाहतात. टँकर कुठे उभे होते? माणसं कुठे पडली? आधी काय झालं आणि नंतर काय? हे प्रश्न नीट क्रमाने मांडले की माझी ती कँटीनमधली आकृती कोसळते. टँकर फुटण्याचं शास्त्र बरोबर होतं. पण ज्या ठिकाणी माणसं मारली गेली त्या ठिकाणाशी त्याचा मेळ बसत नव्हता. इंजिनिअरने पहिल्यांदा जागेचा नकाशा मागायला हवा होता. मी तो मागितलाच नाही.

चित्रपटाची सुरुवात मात्र टँकरपासून होत नाही, विलास घोगरेंपासून होते. घोगरे शाहीर होते. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या झोपडपट्ट्यांवरच्या माहितीपटात त्यांचं गाणं आहे. रमाबाई नगरात जाऊन त्यांनी ते मृतदेह पाहिले आणि चार दिवसांनी आपल्या घरी गळफास घेतला. आयुष्य डाव्या चळवळीत काढलेल्या या माणसाने मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ते राहायचे मुलुंडलाच. माझ्याच उपनगरात एक शाहीर या घटनेच्या दुःखाने मेला आणि मला ते कळलं कधी, तर पंचवीसहून जास्त वर्षांनी, कुवेतमध्ये, पडद्यावर!

सरकारने न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला होता. आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला आणि तुकडीचे प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम यांना दोषी धरलं. तरी खटला रेंगाळला. मे २००९ मध्ये, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने कदमांना जन्मठेप सुनावली. त्यानंतर काही दिवसांतच उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. चित्रपट २०१२ च्या जानेवारीत मुंबईत लोकांसमोर आला. पहिला खेळ भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. पुढे त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कारही मिळाला. जाहीर वाहवा झाली, पण मेलेल्यांच्या घरच्यांना हवा होता तो न्याय काही त्याने मिळाला नाही.

मग अशा चित्रपटाचा उपयोग काय? हा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी अमेरिकेत पोचलो.

तुम्ही म्हणाल, तिथला प्रश्न वंशाचा, आपला जातीचा. यावर मोठा वाद झालेला आहे. २००१ मध्ये दरबानला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची अधिकृत भूमिका होती. व्याख्येचा वाद बाजूला ठेवू. पण दोन्हींतलं साम्य आपल्याच लोकांनी फार आधी ओळखलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं.

तर अमेरिकेतली गोष्ट एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची. शिकागोचा हा काळा मुलगा १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे सुटीला गेला. एका दुकानातल्या गोऱ्या बाईची त्याने छेड काढली, असा आरोप झाला. तिचा नवरा आणि दीर यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि नदीत फेकलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, हा त्यांचा हट्ट होता. खटल्यातले बाराही ज्यूरी गोरे पुरुष होते. त्यांनी तासाभरात दोघांना निर्दोष सोडलं. पुढे चारच महिन्यांत त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापून आणली! एकदा सुटल्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होणार नव्हता.

जवळजवळ पन्नास वर्षं हे प्रकरण बंद होतं. कीथ बोशांप नावाच्या तरुणाने त्यावर माहितीपट करायचं ठरवलं आणि ज्यांना कोर्टाने कधी बोलावलंच नव्हतं अशा साक्षीदारांना तो शोधत फिरला. याच काळात, २००३ मध्ये, स्टॅनली नेल्सन यांचा याच विषयावरचा माहितीपट अमेरिकेच्या टीव्हीवर आला. मे २००४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तपास पुन्हा उघडला. पुढच्या वर्षी एमेटचं दफन केलेलं शव उकरून तपासलं गेलं. मात्र २००७ मध्ये ग्रँड ज्यूरीने कुणावरही आरोप ठेवायला नकार दिला. २०२२ मध्ये पुन्हा तेच झालं. ती दुकानातली बाई २०२३ मध्ये वारली.

म्हणजे इथेही कुणाला शिक्षा झाली नाही. पण २००८ मध्ये एमेटच्या नावाने एक कायदा झाला. जुने, न सुटलेले वंशद्वेषी खून पुन्हा तपासण्याची जबाबदारी त्याने केंद्रीय यंत्रणेवर टाकली. एका मुलाला न्याय मिळाला नाही, तरी त्याच्या नावाने बाकीच्या फायली कपाटातून बाहेर आल्या. आपल्याकडे असा कायदा असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता मी राहतो त्या देशाबद्दल. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी बीबीसीच्या अरबी विभागाने एक शोधचित्रपट दाखवला. दोन पत्रकार नवीन आलेलं जोडपं असल्याचं सांगून कुवेतमध्ये फिरले. मोबाईलवरच्या जुन्या वस्तू विकण्याच्या ॲपवर घरकामाच्या बायका 'विकायला' होत्या. किंमत लिहिलेली, आणि वंशाप्रमाणे निवड करायची सोय! कुठल्या देशाची बाई कशी असते याचे शेरे मालक लोक हसत हसत मारत होते, त्यात भारतीय बायकांचाही उद्धार होता. गिनी देशातली एक मुलगी त्यांना सापडली. वय सोळा. इथल्या कायद्याप्रमाणे घरकामगार एकवीस वर्षांखालची चालत नाही.

हे सगळं लपून चाललेलं नव्हतं. लोकांच्या खिशातल्या फोनवर होतं. चित्रपट आल्यावर त्या ॲपने घरकामगारांचा विभाग काढून टाकला, सरकारने जाहिराती देणाऱ्यांना बोलावून घेतलं, त्या मुलीला तिच्या देशात परत पाठवलं. कुवेतमध्ये २०१५ पासून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. आठवड्याची सुटी, वार्षिक रजा, कामाच्या तासांची मर्यादा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आणि घडणारं यातलं अंतर कॅमेऱ्याने दाखवलं.

त्या आठवड्यात ऑफिसात माझा एक कुवेती सहकारी फार नाराज होता. स्वभावाने भला माणूस. त्याच्या घरची बाई वीस वर्षं त्यांच्याकडे आहे आणि तिच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याने केला आहे. तो म्हणाला, "चार वाईट लोकांमुळे सगळा देश बदनाम केला. आणि बाहेरच्यांनी येऊन चोरून चित्रण करायचं म्हणजे काय?"

मला राग आला. पण बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. १९९७ मध्ये मी हेच म्हणालो नव्हतो का? शब्द वेगळे, सूर तोच. आपण भले आहोत, आपल्या आजूबाजूची माणसंही भली आहेत, मग आपली व्यवस्था इतकी वाईट कशी असेल? या विचारापायी तर मी टँकरच्या गोष्टीवर विश्वास ठेवला. टँकर खरा असता तर मला कुठलाच पुढचा प्रश्न विचारावा लागणार नव्हता.

मला वाटतं, माहितीपटाचं काम इथे आहे. शिक्षा देणं त्याच्या हातात नाही. तो एकतर्फीही असू शकतो, कारण काय ठेवायचं आणि काय कापायचं हे करणाराच ठरवतो. म्हणून तोही डोळे उघडे ठेवूनच पाहायला हवा. पण माझ्यासारख्या बसमध्ये बसून राहिलेल्या माणसाला तो पुन्हा त्या जागेवर नेतो आणि विचारतो, तू त्या दिवशी काय मानलंस आणि का?

आणखी एक कारण आहे. रमाबाई नगराचा आता पुनर्विकास सुरू झाला आहे. झोपड्या जातील, टॉवर येतील. तिथल्या लोकांना पक्की घरं मिळणार असतील तर चांगलंच आहे. पण त्या गल्ल्या, ते दरवाजे, माणसं पडली ती जागा, यातलं काही उरणार नाही. उद्या कुणी विचारलं, की टँकर कुठे होता आणि माणसं कुठे, तर दाखवायला जागाच नसेल. ती त्या तीन तासांच्या चित्रपटात असेल.

वादळ संध्याकाळी उतरलं. कचरा टाकायला खाली गेलो तर लिफ्टमध्ये शेजारच्यांकडे काम करणारी आफ्रिकन मुलगी होती, दोन्ही हातांत पिशव्या. चार वर्षं आम्ही एकमेकांना पाहतो आहोत. तिचं नाव मला माहीत नव्हतं. त्या दिवशी विचारलं. तिने सांगितलं, आणि मग जरा थांबून माझंही विचारलं.

कँटीनमधल्या त्या सहकाऱ्याचा पत्ता मात्र अजून शोधतो आहे. उत्तर द्यायचं राहिलं आहे.